खाणीतलं गाऱ्हाणं

कोंबडा नंदूच्या हातात दिला, ही पहिली चूक.

दुसरी चूक वनमालाची. "घट्ट धरा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि नंदूने इतका घट्ट धरला की कोंबड्याने बांग द्यायची ती खोकून दिली. तो खोकला समोरच्या दगडी भिंतीवर आपटला, वळला आणि खाणीच्या वरच्या पायरीवरून पुन्हा ऐकू आला. जमलेले सगळे हिंदळेकर हसले. वनमालाचे थोरले दीर, दादा, तेही हसले. दादा हसले, म्हणजे त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

काय ठरलं होतं ते तिला सकाळीच कळलं होतं, कांदा चिरताना.

कांदा

"आज गाऱ्हाण्यात ट्रक घालणार आहेत," जाऊबाई म्हणाल्या.

जाऊबाई म्हणजे जानकी, दादांची बायको. घाटकोपरहून पहाटेच मुलुंडला आली होती. एका हातात वाटणाचा डबा, दुसऱ्या हातात नारळांची पिशवी, आणि बातमी पोटात. ती बाहेर काढायला तिने कांद्याची वाट बघितली, कारण कांदा चिरताना कोणी रडलं तरी चालतं.

"ट्रक? गाऱ्हाण्यात?"

"काल आरशासमोर उभं राहून म्हणत होते. 'बा राखणदारा, दिवाळी झाली काय भरावाचे ट्रक येऊं देत, खाण काठोकाठ भरूं दे, वर गोदामां उभी रवूं देत.' मी आपली अंथरूण घालत होते. मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं."

"तुम्ही कशाला म्हटलंत?"

"तोंडातून गेलं गं."

वनमालाला रागावता येईना. हिंदळेकरांच्या तोंडाला ती खोडच होती. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते, तसं कोणीही गाऱ्हाण्याच्या, म्हणजे देवाकडे मागणं मागायच्या सुरात 'म्हाराजा' म्हटलं की यांच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' बाहेर पडायचं. आणि एकदा सगळ्यांनी मिळून म्हटलं की ते झालंच. देवासमोर दिलेला शब्द, त्यातून या घरात आजवर कोणी माघार घेतली नव्हती. नणंद रत्नप्रभाचं लग्न तसंच ठरलं होतं. सासरेबुवांनी गाऱ्हाण्यात मध्येच "आणि पार्ल्याचो तो पोस्टातलो झील आमचो जावई होऊं दे" असं घातलं, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज रत्नप्रभाचा होता.

"म्हणजे आज संध्याकाळी माझी झाडं गेली," वनमाला म्हणाली.

"दिवाळीपर्यंत आहेत."

वनमालाने सुरी खाली ठेवली. लग्न होऊन ती खाणीच्या तोंडाशी असलेल्या या दोन खोल्यांत आली, तेव्हापासून तिने पांढरं जेवण जेवलं होतं. भातावर धूळ, भाकरीवर धूळ, दह्यावर धूळ. कपडे वाळत घातले की ते धुण्याआधी बरे होते असं वाटायचं. खाण बंद झाली, झाडं लावली, आणि या पावसाळ्यात पहिल्यांदा दोरीवरून काढलेल्या साडीला नुसता साडीचा वास आला. ती वेड्यासारखी साडी हुंगत अंगणात उभी राहिली होती. आणि आता दादा तिथे तोडलेल्या इमारतींचा चुना, विटा, सिमेंट आणून ओतणार होते.

"एवढं काय अडलंय त्यांचं गोदामावाचून?" तिने विचारलं. "ट्रक आहेत, घाटकोपरला गॅरेज आहे."

जानकीने इकडेतिकडे बघितलं. आसपास फक्त कांदे होते.

"गोदाम बोलायला. त्यांना तो खड्डा बुजवायचाय. एकटाच बुजवा म्हटलं तर लोक हसतील, म्हणून अख्खी खाण."

नावं

खड्ड्याची गोष्ट अशी.

सासरे, धाकू हिंदळेकर, देवगडहून मुलुंडच्या डोंगराखाली आले ते सुरुंगवाले म्हणून. पुढे खाणच चालवायला घेतली, पण सुरुंग शेवटपर्यंत स्वतः लावले. अंकांशी त्यांचं जमायचं नाही. ओळीने भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती लहानमोठ्या कापून पेटवायच्या आणि शेडमागे बसून धमाके ऐकायचे. एखादा राहिला तर कुठला राहिला ते कळलंच पाहिजे. न फुटलेल्या सुरुंगावर कोणी पहार मारली की संपलं. म्हणून म्हाताऱ्याने भोकांना घरच्यांची नावं दिली. धोंडू (म्हणजे दादा), रत्नी, नंदू, जानकी, मग भाचरं, मग शेजारी. वातीच्या लांबीप्रमाणे नावं ओळीने फुटत. "रत्नी रवली रे," असा म्हातारा ओरडला की सगळ्यांना समजायचं, डावीकडून दुसऱ्या भोकाजवळ जायचं नाही. रत्नप्रभा अजून सांगते, लहानपणी शाळेतून आल्यावर ती आधी विचारायची, "मी फुटले का?"

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात खाणीचा परवाना संपला. शेवटच्या आठवड्यात नंदूने जे सुरुंग लावले ते दगडासाठी नव्हते. गावाकडे कातळात सुरुंग लावून आंब्याला खड्डे करतात, तसे त्याने इथे पायरीपायरीवर खड्डे उडवले. नावं बापाचीच ठेवली, फक्त या वेळी पांढऱ्या ऑइलपेंटने भिंतीवर लिहिली. देवगडहून कलमं आणली. खड्ड्यात माती, वर शेणखत, कडेने हळदकुंकू. सगळं गावासारखं.

पण गावचा कातळ जांभा. पाणी पिऊन टाकतो. मुलुंडचा काळा दगड पाणी पीत नाही, पातेल्यासारखा धरून ठेवतो. पहिल्या पावसाळ्यातच एकेक कलम आपापल्या दगडी पातेल्यात उभ्या उभ्या कुजलं.

सगळ्यात आधी गेलं 'धोंडू'. आणि दादा नेमके त्या दिवशी आले. काळ्या पाण्यात काळी काडी, आणि वर पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव. ते नेहमीसारखा चहा प्याले. त्याच आठवड्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आपल्या नावाचा सुरुंग फुटला नाही तर बाप काळजीत पडायचा, हे बघत मोठा झालेला माणूस. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते कोणी विचारलं नाही.

"मग पुढच्या वर्षी सगळ्यांच्या खड्ड्यात नवी झाडं लावलीस, यांच्याच का नाही?" जानकीने विचारलं.

"हिंमत झाली नाही. परत मेलं असतं तर?"

"म्हणून रिकामा ठेवलास."

"हो."

"त्यात बेडूक झालेत, वनमाला."

"माहीत आहे."

"यांनी बघितलेत. रात्री मला म्हणाले, जानकी, माझ्या जागेर बेडूक."

मग आधी जानकीचे खांदे हलले, मग वनमालाचे. हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. नंदू पाणी प्यायला आत आला, म्हणाला, "कांदा फार तिखट आहे काय गं," आणि त्यावर त्या आणखी हसल्या.

युती

वनमालाने ठरवलं, माणसं फोडायची.

दुसऱ्या वर्षीचं काम साधं होतं आणि जीवघेणं होतं. नंदू आणि त्याचा जुना जोडीदार कुंडलिक, दोघांनी छिन्नी-घणाने प्रत्येक खड्ड्याच्या खालच्या ओठाला खाच पाडली, पाणी वाहून जायला. धोंडूचा खड्डा सोडून, कारण त्याला हात लावायला दोघेही तयार नव्हते. वनमालाने तबेल्यातून शेण आणलं, मासळीबाजारातून खवलं, बेकरीतून राख, डोंगरावरून पालापाचोळा. कुंडलिकची बायको शकु तिच्याबरोबर घमेली वाहायची आणि म्हणायची, "सून म्हणून आलीस, माती म्हणून जाशील." आंबा परत लावला नाही. दगडाशी भांडू शकतील अशीच झाडं लावली. करंज, गिरिपुष्प, नर्सरीतली सुबाभूळ, शेवग्याच्या फांद्या.

ती झाडं आता माणसाच्या वर गेली होती. प्रत्येकावर कोणा ना कोणाचं नाव होतं. वनमालाला वाटलं, नाव म्हणजे मत.

पार्ल्याहून रत्नप्रभा रिक्षाने आली आणि वरच्या कडेवरूनच ओरडली, "वने, माझं कुठलं?"

"ते बघा वन्सं. शेवगा."

"शेवगा?" रत्नप्रभाने गॉगल कपाळावर चढवला. "जानकीवहिनीला करंज, या नंद्याला सुबाभूळ, आणि मला आमटीत घालायचं झाड?"

"सगळ्यांत उंच आहे."

"असू दे उंच. दारात शेवगा लावत नाहीत, तुला कोणी शिकवलं नाही?"

"दार कुठे आहे इथे? खाण आहे."

रत्नप्रभा सॅंडल हातात घेऊन खाली उतरली. झाडाखाली उभी राहिली, डोक्यावर हात धरून माप घेतलं, दोन रत्नप्रभा मावल्या असत्या. वरून पांढरं फूल तिच्या खांद्यावर पडलं. ते तिने झटकलं नाही.

"फुलं आलीत गं."

"शेंगाही येतील."

"नंदूचं केवढं आहे?"

"तुमच्या निम्मं."

"आणि दादाचं?"

"रिकामाच आहे खड्डा."

रत्नप्रभाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला बहिणीची माया म्हणता आलं नसतं. "कोण आणतो ट्रक ते बघते," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर विटा ओतणार?"

"मग 'व्हय म्हाराजा' म्हणू नका. ट्रकाचं आलं की गप्प बसा."

"सुपारी धरते तोंडात. शब्द दिला."

ही युती चहा गाळेपर्यंत टिकली. कपबशी हातात देताना वनमालाने दादांचा आवाज ऐकला. "रत्ने, गोदामांका नाव काय ठेवूया? माझ्या मनात 'रत्नप्रभा वेअरहाउसिंग' आसा. मोठो बोर्ड, हायवेवरसून दिसात असो."

"इंग्लिशमध्ये?" रत्नप्रभाने विचारलं, आणि सुपारी थुंकली.

वाट लागली. वनमाला नवऱ्याकडे गेली.

"तुम्ही तरी तोंड बंद ठेवा."

"दादासमोर?" नंदू म्हणाला. "अगं, मला कोंबडा धरायचाय."

"कोंबडा हातात असतो. तोंडात नाही."

"तुला नाही कळायचं. आतून येतं ते."

उरला कुंडलिक. तो पातेल्याजवळ पळी घेऊन उभा होता. राखणेचा, म्हणजे राखणदाराला द्यायचा कोंबडा एकच, पण माणसं खूप, म्हणून बाजारातल्या कोंबड्यांची सागोती आधीच चुलीवर चढली होती.

"कुंडलिकभाऊ, तुम्ही तरी म्हणू नका हो."

"वहिनी, मी कधी म्हटलंय? आमच्यात देवाला गाऱ्हाणं नाही. मी जेवायला येतो. तुमचं ते चालू असतं तेव्हा मी इथे असतो. तीस वर्षं."

"कधीच नाही? चुकून?"

"एकदा शिंक आली होती. तेवढीच."

म्हणजे तिच्या बाजूचं एकमेव मत, मतदार यादीतच नव्हतं.

गाऱ्हाणं

खाणीच्या तळाशी शेंदूर लावलेला दगड. समोर नारळ, पानसुपारी, एक विडी पेटवून ठेवलेली, कारण या जागेच्या राखणदाराला विडी चालते असं म्हाताऱ्याने सांगून ठेवलं होतं. दादा पुढे झाले. टेरिकॉटची पॅंट, डोक्याला रुमाल, हात जोडलेले. मागे सगळं खानदान. कोंबडा नंदूच्या हातात.

"बा राखणदारा, ह्या खाणीच्या धन्या म्हाराजा..."

व्हय म्हाराजा.

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..."

व्हय म्हाराजा.

"त्येंच्या हातून काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घाल..."

व्हय म्हाराजा.

एकदा माणसं म्हणायची, मागून दगड म्हणायचा. वनमालाने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"आणि दिवाळी झाली काय भरावाचे ट्रक हय येऊंचे हत, तेंका वाट मोकळी कर..."

व्हय म्हाराजा.

रत्नप्रभा म्हणाली. नंदू म्हणाला. जानकी म्हणाली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. आणि वनमालाच्या लक्षात आलं की पदराचा बोळा खाली पडलाय आणि आपणही म्हणालो.

आपणही!

तिला हसू आलं. ते पोटातून आलं, थांबवता येईना, आणि त्या हसण्याबरोबर भीती कुठे गेली ते कळलंच नाही. दादा श्वास घ्यायला थांबले होते. त्यांच्या छातीत खाणीची सगळी वर्षं बसली होती. दर मागणीनंतर ते थांबत, रुमालाने कपाळ पुसत. मध्ये चांगली माणूसभर जागा होती. वनमाला त्या जागेत शिरली. तोच सूर, तोच हेल:

"आणि ह्या खाणीत ज्या झाडाक पान फुटला, त्या झाडाक कोणाचो हात लागूं नये, म्हाराजा..."

व्हय म्हाराजा.

सगळे म्हणाले. दादांचा आवाज सगळ्यांत मोठा. तो भिंतीवरून परत येऊन त्यांच्याच कानावर पडला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

नंदूचे दोन्ही हात भक्तिभावाने जोडलेले होते. कोंबडा त्यांत नव्हता.

"खाण काठोकाठ भरूं दे, म्हाराजा." दादा.

व्हय म्हाराजा.

"भरूं दे, पण मुळांक वारो रवूं दे, म्हाराजा." वनमाला.

व्हय म्हाराजा.

"वर गोदामां उभी रवूं देत, म्हाराजा."

व्हय म्हाराजा.

"वन्संच्या शेवग्याक हातभर शेंगो येऊं देत, म्हाराजा."

व्हय म्हाराजा. (रत्नप्रभा दोनदा.)

"बायकांनी गाऱ्हाण्यात बोलूं नये, अशी त्येंका बुद्धी दी, म्हाराजा."

व्हय म्हाराजा.

"तर मगे वडे पुरुषांनी थापूचे, अशी त्येंका बुद्धी दी, म्हाराजा."

व्हय म्हाराजा. (जानकी इतकी जोरात की वरच्या पायरीवरून कोंबड्याने उत्तर दिलं.)

"नंदूच्या बायलेक गप करूची नंदूक ताकद दी, म्हाराजा."

व्हय म्हाराजा. (नंदूसुद्धा.)

मुलं हसून खाली बसली होती. रत्नप्रभा डोळे पुसत होती. दादांचा रुमाल सुटून गळ्यात आला होता आणि त्यांच्या आवाजातही आता काहीतरी उड्या मारत होतं, बऱ्याच वर्षांनी चेंडू हातात आल्यासारखं. वनमालाला दम लागला होता. काय मागायचं ते संपलं होतं. म्हणून जे उरलं होतं तेच तिने मागितलं.

"ज्येच्या मनात भीती बसली हा, ती निघान जाऊं दे, म्हाराजा."

व्हय म्हाराजा, सगळे म्हणाले. दादा म्हणाले नाहीत.

त्यांनी श्वास घेतला. मग एक आणखी घेतला. मग हळू, सुराशिवाय, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले:

"माझो खड्डो बुजव, म्हाराजा."

हिंदळेकरांच्या तोंडाला पहिल्यांदा शब्द सापडला नाही. नुसती भिंत म्हणाली, म्हाराजा.

मग जानकी पुढे झाली. नवऱ्याच्या गळ्यातला रुमाल काढला, झटकला, त्याच्या डोक्यावर नीट बांधला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

मोकळा माणूस

मग गोंधळ.

"थांबा, म्हणजे नक्की काय ठरलं?" रत्नप्रभाने बोटं पुढे केली. "ट्रक येणार. झाडाला हात लागणार नाही. खाण भरणार, पण मुळाला वारा राहणार. गोदाम होणार. बायका गप्प बसणार, पुरुष वडे थापणार. हे सगळं एकदम कसं होणार?"

"राखणदाराला परत विचारू," नंदू म्हणाला.

"परत गाऱ्हाणं? परत सगळे व्हय म्हणणार."

"एखादी मागणी सोडून देऊ."

"कुठली सोडतोस? तू सगळ्याला व्हय म्हटलंयस. स्वतःच्या बायकोला गप्प करायलासुद्धा."

"ते आतून आलं."

दादा दगडावर बसले. "शब्द गेलो," ते म्हणाले. "आता मोडूचो अधिकार कोणाकच नाय. जो व्हय म्हणालो तो बांधलो गेलो."

"व्हय न म्हणालेला कोणी आहे?" वनमालाने विचारलं, आणि विचारता विचारता तिची मान पातेल्याकडे वळली. मग सगळ्यांच्या वळल्या.

कुंडलिकने पळी खाली ठेवली. "मला मध्ये घेऊ नका हं."

"कुंडलिक," दादा म्हणाले, "तू व्हय म्हटलंस?"

"नाही, धोंडूशेठ."

"मगे तू मोकळो."

"मोकळाच आहे. आमच्या बापाने छप्पन साली केलंय मोकळं."

"तर मग तूच सोडव. तू सांगशील ता आमका मान्य."

"देवाचं भांडण मी सोडवू?"

"देवाचा नाय रे. आमचा."

कुंडलिकने खाणीकडे बघितलं. या भिंतींतला निम्मा दगड त्याने फोडला होता आणि निम्म्या खड्ड्यांना खाचा पाडल्या होत्या. सागोती लागायला लागली तेव्हा शकुने पळी उचलली.

"ट्रक येऊ देत," तो म्हणाला. "पण विटा-सिमेंट नको. माती. भांडुपपासून ठाण्यापर्यंत जिकडेतिकडे बिल्डिंगचे पाये खणतायत. ती माती तुमचेच ट्रक खाडीत ओततात की नाही?"

"ओततत," दादा म्हणाले.

"ती इथे आणा. झाडाच्या खोडाशी नाही, पायऱ्यांवर, जिथे नुसता दगड आहे तिथे. वहिनी उभ्या राहून सांगतील तशी. आज दहा-वीस खड्डे आहेत, उद्या अख्ख्या पायरीवर झाडं होतील. खाण भरली, झाडं राहिली, मुळाला वारा राहिला."

"आणि गोदाम?" रत्नप्रभाने घाईने विचारलं.

"एक शेड. पहारी, घमेली, शेण ठेवायला. तुमचं नाव देऊ."

"शेणाच्या शेडला?"

"इंग्लिशमध्ये लिहू."

रत्नप्रभाने विचार केला. "अक्षरं मोठी हवीत," ती म्हणाली.

"बायकांनी जेवताना गप्प बसावं. तोंडात घास असला की तसंही बोलता येत नाही. वडे पुरुषांनी थापावेत, आत्ता, पीठ मळलेलं आहे. कोंबड्याबद्दल कोणी काही मागितलेलं नाही, तेव्हा तो त्याचं बघेल." तो थांबला. "असं मला वाटतं."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

कुंडलिक दोन पावलं मागे सरकला. "ओ, मला नका म्हणू. मोठ्या कष्टाने सुटलोय त्यातून."

खाच

दादा उठले. चुलीकडे गेले नाहीत. छिन्नी आणि घण उचलून पायऱ्या चढायला लागले. वनमाला मागून गेली. ट्रकातली माती कुठून सुरू करायची ते विचारायचं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

ऑइलपेंटची अक्षरं अजून टवटवीत होती. धोंडू. खाली हिरवं पाणी, त्यात तीन-चार बेडूक, दादांकडे बघत. दादांनी त्यांच्याकडे बघितलं.

"ह्येका खाच कित्याक नाय पाडली?"

"तुमच्या नावावर घण मारायला कोणी तयार होईना."

दादा हसले, खोकले, गुडघ्यावर बसले. छिन्नी खालच्या ओठावर टेकवली. बापाने शिकवलेला हात होता. बरीच वर्षं ट्रकाची कागदपत्रं धरून मऊ झालेला, पण विसरलेला नव्हता. दगडाची कपची उडाली. मग दुसरी. मग पाण्याने स्वतःच वाट काढली आणि बेडकांसकट खालच्या पायरीवर उडी मारली, जिथे नंदू हातावर वडा थापत उभा होता.

"अरे यार, दादा," खालून आवाज आला.

खड्डा रिकामा झाला. तळाशी काळा, ओला, गुळगुळीत दगड. दादा त्याच्याकडे बघत राहिले.

"वनमाला, मराचा नाय असा एक तरी झाड सांग."

"असं झाड नाही, दादा."

"मगे?"

"मेलं तर दुसरं लावायचं. नाव तेच ठेवायचं."

"आणि तेव्हा माका परत ऑपरेशन झाला तर?"

"डबा घेऊन येईन. दोन्ही वेळचा."

दादांनी चपला काढल्या. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्यात उतरले. तळाला पाय लावून बघितला. मग टेकून बसले. ढोपरं वर, डोकं खड्ड्याच्या काठाबाहेर, रुमाल बांधलेलं. वर त्यांचं नाव, खाली ते.

"थंड आसा," ते म्हणाले. "बरा वाटता."

खाली पानं मांडली गेली. हाका झाल्या. नंदूचे वडे गोल सोडून बाकी सगळ्या आकारांचे झाले होते. जानकी दोनदा वर येऊन म्हणाली, "चला आता." दादा हलले नाहीत. शेवटी तिने ताट तिथेच आणून दिलं. बाकीच्या बायकांच्या तोंडात घास होता, म्हणून बोलायचं काम वनमालालाच करावं लागलं.

"दादा, वर या की. इथे किती वेळ बसणार?"

"माती येयसर."

"माती दिवाळीनंतर येणार आहे."

दादांनी रश्शात बुडवलेला वडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"तर मगे," ते म्हणाले, "आणखी दोन वडे दी."